लवकर निवड, लवकर बांधिलकी : बालखेळाडूंवरील ताण आणि महाविद्यालयाची भूमिका

प्रस्तावना :
क्रीडागुण बालवयातच हेरले तर उत्तम खेळाडू घडतात, या विचारातून लवकर निवडीची पद्धत रूढ झाली. तिचे लाभ निर्विवाद आहेत; परंतु लहान वयातील बांधिलकीचा भार कोणावर पडतो, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

अमेरिकेतील अनुभव :
अमेरिकेत महाविद्यालये शिष्यवृत्ती देऊन खेळाडूंची भरती करतात. सॉकर, लॅक्रॉस यांसारख्या खेळांत आठवी-नववीतील मुलेही महाविद्यालयांना तोंडी होकार देऊ लागली. असा होकार कोणावरही बंधनकारक नसतो. दुखापत झाल्यास वा प्रशिक्षक बदलल्यास महाविद्यालय माघार घेऊ शकते. मुलाने मात्र तोवर अन्य पर्याय सोडलेले असतात. त्यामुळे तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने २०१७ मध्ये लॅक्रॉससाठी आणि २०१९ मध्ये बहुतेक खेळांसाठी भरतीविषयक संपर्काची वेळ पुढे ढकलली.

महाराष्ट्रातील स्वरूप :
आपल्याकडे अशी निवड महाविद्यालये नव्हे, तर शासकीय योजना करतात आणि तीही अधिक लहान वयात. १९९६ मध्ये सुरू झालेल्या क्रीडा प्रबोधिनी योजनेत ८ ते १४ वयोगटातील मुलांची ३० मीटर धावणे, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, शटल रन अशा चाचण्यांतून निवासी प्रशिक्षणासाठी निवड करण्यात येऊ लागली. या चाचण्या मुलाची त्या दिवसाची क्षमता मोजतात. एकाच वयाच्या मुलांत शारीरिक पक्वतेचे दोन-तीन वर्षांचे अंतर असू शकते; लवकर वाढलेला मुलगा गुणवान ठरतो, उशिरा वाढणारा मागे पडतो. 'खेलो इंडिया' योजनेतही निवड झालेल्यांचा वेळोवेळी आढावा घेऊन अपेक्षित प्रगती नसलेल्यांना वगळले जाते. म्हणजेच संस्थेला फेरविचाराची मुभा असते. घर व शाळा सोडून गेलेल्या मुलाला ती तितकीशी नसते.

धरणगावसारख्या कापूस पिकवणाऱ्या तालुक्यात हा ताण अधिक जाणवतो. २००५ पासून शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण असल्याने पालकांच्या दृष्टीने खेळ हा नोकरीचा मार्गही असतो. कोरडवाहू शेतीवर अवलंबून असलेल्या कुटुंबाच्या आशा मुलाच्या पदकाशी जोडल्या जातात. मग दुखणे लपविणे, अभ्यास मागे पडणे आणि परत यावे लागल्यास अपराधी वाटणे, हे ओघाने येते.

महाविद्यालयाची भूमिका :
बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात भरती झाले. तेथे २०१५ पासून ते क्रॉस कंट्री धावू लागले आणि स्टीपलचेसकडे त्यानंतर वळले. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्य, तर २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. विशीनंतरही गुणवत्ता बहरू शकते, हेच यावरून दिसते. ज्या वयात महाविद्यालयात प्रवेश होतो, त्याच वयात ही दुसरी संधी देता येते. प्रवेशाच्या वेळी पदकाची अट न घालता सर्वांची चाचणी घेणे, वगळलेल्या खेळाडूंना पुन्हा मैदानावर आणणे, सरावामुळे बुडालेल्या विषयांसाठी जादा तासिका घेणे आणि दुखापतीची नोंद ठेवणे, हे उपाय प्रत्येक महाविद्यालयाला शक्य आहेत.

समारोप :
लवकर निवड करणे दोषास्पद नाही. ती अंतिम मानणे दोषास्पद आहे. बारा वर्षांच्या मुलाकडून बांधिलकीची अपेक्षा करणाऱ्या व्यवस्थेने त्याच्या परतीची वाटही सन्मानाने खुली ठेवली पाहिजे. ग्रामीण महाविद्यालय ही वाट ठरू शकते.