खाण्यावरचा ताबा सुटतो तेव्हा

बिंज ईटिंग डिसऑर्डर या मानसिक आजारात माणूस दोनेक तासांच्या आत, इतरांना खाववणार नाही एवढे अन्न खाऊन टाकतो आणि थांबायचे ठरवले तरी त्याला थांबता येत नाही. भराभर खाणे, भूक नसताना खाणे, पोट दुखेपर्यंत खाणे, लाजेने एकट्याने खाणे आणि नंतर स्वतःचीच किळस येणे, यांपैकी किमान तीन गोष्टी दिसतात. असे प्रसंग तीन महिने दर आठवड्याला एकदा तरी घडत असतील तर निदान पक्के होते. बुलिमिया या खाण्याच्या दुसऱ्या आजारात रुग्ण खाल्लेले उलटी करून काढतो, तसे येथे नियमितपणे होत नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी 1959 मध्ये या प्रकारच्या खाण्याचे वर्णन केले होते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत त्याला स्वतंत्र आजाराचे स्थान मात्र 2013 मध्ये मिळाले.

गणपतीत चार मोदक जास्त खाणे किंवा साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा खोका भावंडांनी मिळून फस्त करणे म्हणजे हा आजार नाही. ते खाणे चारचौघांत होते आणि त्यात चव असते. आजारातले खाणे बहुतेक एकांतात होते. कितीतरी रुग्ण सांगतात की पहिल्या दोन-चार घासांनंतर चव कळतच नाही. समोर सांगलीचे भडंग आहे की सकाळची शिळी भाकरी, याने फारसा फरक पडत नाही.

या आजाराचा पहिला घाव वजनावर नाही, रोजच्या जगण्यावर बसतो. अख्खा दिवस लपवाछपवीभोवती फिरू लागतो. घर निजल्यावर स्वयंपाकघरात जायचे, रिकामी पाकिटे कपाटात दडवायची, संपलेला डबा सकाळी कुणाच्या लक्षात येण्याआधी भरून ठेवायचा. एकत्र कुटुंबात हे आणखी अवघड होते, कारण तिथे लाडवांचाही हिशेब असतो आणि कधी आळ मुलांवर येतो. सर्वांची पाने उठल्यावर जेवणारी सून दिवसभर खाते किती, हे कुणी पाहिलेले नसते. चारचौघांसमोर ती अर्धीच पोळी घेते, म्हणून ‘खात तर काहीच नाही, तरी अंग सुटतंय’ असे आश्चर्य घरात व्यक्त होते. लग्नकार्ये टाळली जातात, फोटो नकोसे होतात, कामात लक्ष लागत नाही. नवरा-बायकोत अबोला येतो आणि त्याचे खरे कारण दोघांपैकी एकालाच ठाऊक असते. नैराश्य आणि चिंता यांची जोड वारंवार आढळते. काहींच्या मनात आत्महत्येचे विचारही येतात, म्हणून ‘हावरट’, ‘तोंडावर ताबा नाही’ हे टोमणे निरुपद्रवी मानता येत नाहीत.

हा केवळ बायकांचा आजार आहे असेही नाही. अमेरिकेत 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत आयुष्यात कधी ना कधी हा आजार झालेल्यांचे प्रमाण स्त्रियांत 3.5 टक्के, तर पुरुषांत 2 टक्के आढळले. पुरुष मदत मागायला आणखी उशिरा येतात, कारण गड्याच्या भरपूर खाण्याचे आपल्याकडे कौतुकच होते.

शरीरावरचे परिणाम ओळखीचे आहेत: लठ्ठपणा, टाइप-2 मधुमेह, रक्तदाब, आम्लपित्त, गुडघेदुखी, झोपेत श्वास अडखळणे. मात्र प्रत्येक रुग्ण लठ्ठ नसतो. मधुमेही रुग्णाची अडचण दुहेरी असते. पथ्याचा कागद हातात असतो, रात्रीचे खाणे डॉक्टरांना सांगवत नाही आणि साखर का आटोक्यात येत नाही याचे उत्तर तपासणीत सापडत नाही.

सर्वांत घातक आहे तो घरोघर सुचवला जाणारा उपाय: कडक उपास. मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये संशोधक अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. अन्न पुन्हा मोकळे झाल्यावर त्यांतले काही जण पोट तुडुंब भरूनही खातच राहिले. उपासमारीतून ताबा सुटतो, हे तिथे धडधाकट माणसांत दिसले. सातारा-सांगलीत गुरुवार, चतुर्थी, एकादशी भक्तीने करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. ‘काल फार खाल्लं, आज पाण्याचा थेंबही नको’ अशी शिक्षा म्हणून केलेला उपास रात्री पुन्हा त्याच डब्याशी आणून सोडतो. पोलीस किंवा सैन्यभरतीसाठी झपाट्याने वजन उतरवणाऱ्या मुलांनाही हा धोका आहे.

उपचार आहेत आणि ते गुणकारी आहेत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत विचार-वर्तन उपचारपद्धतीवर भर आहे. त्यात ठरल्या वेळी, तीन-चार तासांच्या अंतराने खायचे असते. काय खाल्ले आणि तेव्हा मनात काय होते याची नोंद ठेवायची असते. उपचार चालू असताना वजनासाठी डाएट करायचे नसते. गरजेनुसार डॉक्टर औषधेही देतात. व्यसन लागले तर दारू कायमची सोडता येते, अन्नाचे तसे नाही. अन्न दिवसातून तीनदा समोर येणारच, म्हणून त्याच्याशी पुन्हा नीट नाते जोडावे लागते. त्याला महिने लागतात आणि मध्ये घसरण होतेच. ती अपयश नसते.

आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला आहे. साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय, सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालय किंवा मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे चौकशी करता येते. तिथे ‘वजन कमी करायचंय’ एवढेच सांगू नये. ‘खायला लागलो की थांबता येत नाही’ हे वाक्य डॉक्टरांपर्यंत पोहोचले पाहिजे. ते समोरासमोर बोलवत नसेल तर ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेल्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन-सेवेचा 14416 हा क्रमांक आहे. तो विनामूल्य असून दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते.