जुन्या गाडीचे दार-रबर ताणून बसवू नका

कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी २० वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सीतून बाद झाली. शौकीन मात्र अशा गाड्या जपतात. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या पावसात झिजलेल्या रबरातून पाणी शिरते, गालिच्याखाली मुरते आणि पत्रा गंजतो. रबर स्वस्त, पत्रेकाम महाग.

ताणून मोजलेले कापड आखडते, हे आम्ही कापडवाले जाणतो. रबराचेही तसेच, ताणले की कोपऱ्यात फट पडते. कारागीर बंधूंनी जुना गोंद खरवडावा, गंज काढून रंग द्यावा, जोड खालच्या बाजूस ठेवावा. बंद दारात धरलेला कागद सहज निघाला, तर तिथे फट समजावी. पाणी मारून पाहावे, मगच गाडी सोपवावी. पहिल्या पावसात गाडी परत आली, तर मजुरीही जाते आणि गिऱ्हाईकही.