पायांचे आजार आणि पदचिकित्सेची मान्यता

वेरूळ येथे घृष्णेश्वराच्या दर्शनास येणारे अनेक भाविक अनवाणी चालतात. उन्हाळ्यात तापलेल्या दगडी फरशीवर निरोगी पायाला चटका बसताच माणूस पाऊल उचलतो. मात्र दीर्घकालीन मधुमेहामुळे ज्याच्या तळपायाची संवेदना हरपली आहे, त्याला चटका जाणवतच नाही. सायंकाळी फोड दिसतो, पुढे तो चिघळतो आणि कधी कधी पाय गमावण्याची वेळ येते.

हा धोका मंदिराच्या प्रांगणापुरता नाही. एका पवित्र गुरुवारी पाय धुण्याच्या विधीच्या वेळी एका वृद्धाच्या टाचेखाली आम्हांस जखम दिसली. त्यांना तिची कल्पनाही नव्हती. ‘फादर, ह्यासाठी जायचे तरी कोणाकडे?’ असे त्यांनी विचारले. प्रश्न साधा होता, पण आम्हांस पटकन उत्तर देता आले नाही.

दातांसाठी दंतवैद्य आहेत, डोळ्यांसाठी नेत्रतज्ज्ञ आहेत. पायांचे काम मात्र शतकानुशतके हलके मानले गेले. आपल्याकडे नखे न्हाव्याने काढावीत आणि कुरूप घरीच ब्लेडने कापावे, अशी रीत होती. युरोपातही कुरुपे कापणारे बाजारोबाजार फिरत. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये लुईस डर्लाकर ह्यांनी राजघराण्याच्या पायांची सेवा केली आणि १८४५ साली ह्या विषयावर ग्रंथ लिहिला. न्यूयॉर्क येथे १८९५ साली ह्या व्यावसायिकांची संघटना स्थापन झाली आणि १९११ मध्ये शिक्षणसंस्था निघाली. ब्रिटनमध्ये १९६० च्या कायद्याने त्यांच्या नोंदणीची तरतूद झाली. अमेरिकेतील राष्ट्रीय संघटनेने त्याआधीच जुने ‘कायरोपोडी’ हे नाव टाकून ‘पोडियाट्री’, अर्थात पदचिकित्सा, हे नाव स्वीकारले होते.

भारतात ह्या विद्येची वाट निराळी आहे. येथे तिला मोठी चालना मिळाली ती कुष्ठरोग्यांच्या सेवेतून. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात १९४६ साली आलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी दाखवून दिले की, कुष्ठरोग्याची बोटे आपोआप ‘गळून’ पडत नाहीत. वेदना नसल्याने रुग्ण त्याच जखमेवर पुन्हा पुन्हा भार देतो आणि त्यामुळे पाऊल झिजते. म्हणून मऊ, बारीक छिद्रांच्या रबराचा तळ असलेल्या, खिळा न मारलेल्या चपला तयार झाल्या. हेच ज्ञान पुढे मधुमेहींच्या उपयोगी पडले. डॉक्टर नायलॉनचा एक बारीक तंतू तळपायाला टेकवतात. दहा ग्रॅम दाबाने तो वाकतो. रुग्णास तो स्पर्श कळला नाही, तर पाय धोक्यात आहे असे समजावे. चाचणीस दोन-तीन मिनिटे पुरतात.

महाराष्ट्रात नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे ह्यांनी ह्या कामी विशेष परिश्रम घेतले. भारत, टांझानिया आदी देशांत राबविलेल्या ‘स्टेप बाय स्टेप’ ह्या प्रशिक्षणक्रमाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्यात डॉक्टर एकटा शिकत नसे. त्याच्यासोबत परिचारिका किंवा साहाय्यकही असे. आमच्या मते ही दृष्टी फार मोलाची आहे, कारण रोजची मलमपट्टी, नखे कापणे आणि चपलेची पाहणी शल्यचिकित्सकाच्या हातून होत नाही.

सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा संसदेने २०२१ साली संमत केला. त्याच्या परिशिष्टात दहा गटांत व्यवसायांची यादी असून तीत ‘पोडियाट्रिस्ट’ हा शब्द आहे. शिक्षणाचे किमान मानक ठरविणे आणि राज्य परिषदांमार्फत नोंदणी करणे अशा तरतुदी त्यात आहेत. न्यूयॉर्कच्या संघटनेनंतर सव्वाशे वर्षांनी आलेली ही मान्यता उशिराची खरी, पण त्यामुळे कोण प्रशिक्षित आणि कोण भोंदू, हे रुग्णास नोंदवहीवरून पडताळता येण्याची वाट मोकळी झाली.

त्या वृद्धांना आम्ही अखेर शासकीय रुग्णालयातील शल्यचिकित्सकांकडे नेले. जखम भरण्यास तीन महिने लागले. आता ते रोज रात्री जमिनीवर आरसा ठेवून तळपाय पाहतात आणि चपलेत पाय घालण्याआधी ती उलटी करून झटकतात.