पावसापेक्षा जास्त पिणारे झाड

बंगळुरूच्या पूर्वेला, कोलारच्या वाटेवर होसकोटे लागते. लाल माती, नाचणीची शेते आणि अधूनमधून निलगिरीचे सरळसोट पट्टे. अशा पट्ट्यात शिरून खाली पाहावे. वाळक्या पानांचा थर, त्याला तेलाचा उग्र वास, आणि तो थर बाजूला सारला की भुसभुशीत कोरडी माती. गवत तुरळक. करवंद, बोर, तरवड यांची रोपे शोधावी लागतात.

असे का होते, याचे एक उत्तर होसकोट्याच्याच जमिनीत मिळाले. ब्रिटिश जलशास्त्रज्ञ इयान काल्डर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी इथल्या निलगिरीखालची ओल मोजली. माती आठ मीटरहून खोल. तीन वर्षांत पाऊस पडला 2100 मिलिमीटर, आणि झाडांनी हवेत सोडलेल्या पाण्याचा अंदाज निघाला 3400 मिलिमीटर! वरचे पाणी आले कुठून? जमिनीच्या पोटात साठलेल्या जुन्या ओलीतून. वर्षाला सुमारे अडीच मीटर या वेगाने मुळे खाली उतरत होती. त्यांचा शोधनिबंध 1997 साली प्रसिद्ध झाला. त्याच संशोधनात, जिथे माती तीनेक मीटरच होती, तिथे निलगिरीने देशी पानगळीच्या जंगलापेक्षा जास्त पाणी घेतले नाही. म्हणून या झाडाला सरसकट राक्षस ठरवणे मला पटत नाही. मात्र नाचणीच्या तुलनेत जंगलाला, मग ते कुठलेही असो, जवळपास दुप्पट पाणी लागले.

देशी रोपट्याची मुळे पहिल्या उन्हाळ्यात फार खोल गेलेली नसतात, आणि वरची माती तर आधीच शोषलेली. पानांतली तेले व इतर रसायने बियांची उगवण रोखतात. शिवाय निलगिरीचे फळ म्हणजे सुकी बोंडी. त्यात गर नाही, त्यामुळे बुलबुल-साळुंक्या त्यासाठी येत नाहीत, आणि त्यांच्या विष्ठेतून पडणारे चंदन-बोराचे बीही येत नाही.

हे झाड या भागाला नवे नाही. जवळच्या नंदी टेकडीवर टिपू सुलतानाने 1790 च्या सुमारास ते लावले, असे मानतात. शेताशेतांत ते पसरले सरकारच्या सामाजिक वनीकरण योजनांच्या लाटेत. त्याच्या निषेधार्थ 1983 मध्ये तुमकूर भागातल्या शेतकऱ्यांनी रोपवाटिकेतली निलगिरीची रोपे उपटून तिथे चिंच-आंब्याच्या बिया पेरल्या. कर्नाटक सरकारने नव्या लागवडीवर बंदी घातली ती थेट 2017 मध्ये.

पण बंदी नव्या रोपांना. जुनी निलगिरी तोडली, तरी बुंध्यातून उसाच्या खोडव्यासारखे फुटवे येतात, आणि त्यांना खोल गेलेली मुळे आयती मिळतात. देशी झाडोरा परत हवा असेल तर बुंधे मुळासकट काढले पाहिजेत आणि खालची ओल भरून यायला काही पावसाळे दिले पाहिजेत. त्याला यंत्र लागते, पैसा लागतो, आणि तेवढा काळ जमिनीतून उत्पन्न नाही. हा भार दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्यावर टाकणे अन्याय आहे. ज्या सरकारी योजनांनी निलगिरी शेतात आणली, त्याच तिजोरीतून तो उचलला जावा.