आईभोवतीचे मॅटर

तुळजापुरात छापल्या जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कागदावर देवी असते. लग्नपत्रिकेच्या माथ्यावर, पुजाऱ्यांच्या कार्डावर, लॉजच्या पावतीवर, प्रसादाच्या पिशवीवरसुद्धा. पत्रिकेत आणि कार्डात काम सोपे, कारण फोटोची जागा वेगळी आणि मजकुराची वेगळी. कस लागतो तो नवरात्राच्या माहितीपुस्तिकेत. डेमी एक अष्टमांश आकार, सोळा पानांचा एक फॉर्म, त्यात आरत्या, देवीची माहिती, पूजांच्या वेळा, आणि छापून घेणाऱ्याचा आग्रह असा की पानोपानी आई दिसली पाहिजे. मग फोटो मजकुरातच बसवायचा आणि मजकूर त्याला वळसा घालून न्यायचा. डीटीपीवाल्यांच्या भाषेत, फोटोला रॅप द्यायचा.

भाद्रपद संपत आला की या कामाची गर्दी होते. मी ज्या दुकानात स्टुलावर बसून हे पाहिले तिथे स्क्रीनवर कोरल ड्रॉ उघडे होते आणि मॅटर, म्हणजे मजकूर, श्रीलिपीत टाइप केलेले. ऑपरेटरने देवीचा फोटो उचलून पानावर टाकला आणि रॅप चालू केला. सगळे मॅटर दचकल्यासारखे बाजूला सरकले, पण सरकले ते चौकोनात. फोटो कितीही सुबक कापलेला असो, कोरलच्या लेखी तो चौकोनच. मुकुटाच्या दोन्ही बाजूंना पांढरी भगदाडे पडली.

आता ऑपरेटरचे खरे काम सुरू झाले. गाभाऱ्यातली मूर्ती गंडकी शिळेची, अष्टभुजा, महिषासुरमर्दिनीच्या रूपातली. पण पूजा बांधल्यावर दर्शनाला दिसतो तो मुकुट, मुख आणि खाली पसरत गेलेले महावस्त्र, म्हणजे जवळपास त्रिकोणच. त्याने बेझियर टूल घेतले, मुकुटाच्या टोकापासून खांद्यापर्यंत, खांद्यापासून पदरापर्यंत मोजके नोड, म्हणजे बिंदू, टाकत फोटोभोवती एक बंद आकार काढला. फोटोचा रॅप काढला आणि या आकाराला दिला. मग आकाराचा रंगही काढला, रेषही काढली. आता पानावर तो दिसत नव्हता, पण मॅटर त्यालाच अडून थांबत होते. देवी पानाच्या उजवीकडे होती, त्यामुळे मुकुटाजवळ लांब असलेली ओळ खाली येईल तशी आखूड होत गेली. देवनागरीत प्रत्येक शब्दाला शिरोरेषा असते, म्हणून ओळ कुठे तुटली ते डोळ्याला ठसठशीत दिसते. महाद्वारातून कल्लोळ तीर्थाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांसारख्या त्या ओळी दिसत होत्या.

पुस्तिका करून घेणारे पुजारीकाका मागे उभे होते. त्यांना देवी मधोमध हवी होती, मॅटर दोन्ही बाजूंनी.

‘‘काका, वाचणारा माणूस प्रत्येक ओळीला आईवरून उडी मारून पलीकडं जाईल का?’’ ऑपरेटरने विचारले.

‘‘नको, नको. राहू द्या मग कडंला. पण फोटो जरा मोठा घ्या की.’’

फोटो मोठा झाला की मॅटरला उरते ती चिंचोळी पट्टी, आणि तिथे मराठी अडते. इंग्रजी शब्द आखूड, शिवाय हायफन टाकून तोडायची सवय जुनी. मराठीत विभक्ती, शब्दयोगी अव्यय सगळे शब्दालाच चिकटते. ‘घटस्थापनेपासून’ हा एक शब्द, ‘महिषासुरमर्दिनीच्या’ हाही एकच. दोन इंचांच्या ओळीत असा शब्द मावला नाही की तो खालच्या ओळीत उतरतो, आणि वरच्या ओळीत उरलेले तीन शब्द, ओळ दोन्ही कडांना भिडवणाऱ्या जस्टिफायमुळे, एकमेकांपासून फटकून उभे राहतात. हायफनेशन चालू करावे तर आणखी पंचाईत. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत अक्षरे इंग्रजीच्या घरांत बसवलेली असतात. सॉफ्टवेअर तो मजकूर इंग्रजी समजते आणि ऱ्हस्व वेलांटी एका ओळीत, तिचे व्यंजन पुढच्या ओळीत असे तोडून ठेवते. त्यामुळे ऑपरेटर शब्दाला हात न लावता आकाराचा एखादा नोड दीड-दोन मिलिमीटर आत ढकलतो. ‘घटस्थापनेपासून’ वर चढतो आणि खालच्या चार ओळी आपोआप सावरतात.

म्हणूनच चित्राच्या कडेशी फार इमानी राहणारा रॅप मला नवशिक्याचा वाटतो. अष्टभुजेचे हाताने काढलेले चित्र घ्या. आठ हात, आठ आयुधे. इनडिझाइनमध्ये कडा आपोआप शोधण्याची सोय आहे. ती वापरली तर यंत्र प्रत्येक बोटाला वळसा घालते, आणि त्रिशूळ व चक्र यांच्यामधल्या फटीत एखादा ‘व’ जाऊन बसतो. जाणता ऑपरेटर हातांच्या टोकांना टोके जोडून एकच सैल वळण काढतो.

अंतराचेही तसेच. कोरल मुळात दोन मिलिमीटर सोडते आणि तेच माप चारी बाजूंना लावते. रोमन लिपीला ते पुरत असेल. इथे ओळीच्या खाली उकार लोंबतात, वर मात्रा, रफार आणि अनुस्वार उभे. तुळजापूर या एका नावातच दोन उकार आहेत. मुकुटावरच्या ओळीत ते आले की थेट मुकुटाला टेकतात, आणि पायांखालच्या ओळीतली वेलांटी पदरात शिरते. पुजारीकाकांची करडी नजर नेमकी तिथेच जाते. म्हणून काढलेला आकार वर आणि खाली जास्त ताणायचा, बाजूंना कमी.

नवरात्रात देवीच्या अलंकार महापूजा मांडतात: रथ, मुरली, शेषशाही, भवानी तलवार, महिषासुरमर्दिनी. पाच पूजांचे पाच फोटो आणि पाच तऱ्हेचे आकार. सगळ्यात अवघड भवानी तलवारीचा, कारण तिथे देवी शिवछत्रपतींना तलवार देते आहे. दोघांच्या मध्ये चांगली मोकळी जागा दिसते आणि मॅटर तिथे घुसायला टपलेले असते. त्या दोघांच्या मध्ये एक अक्षरही शिरता कामा नये, हे इथे कुणाला सांगावे लागत नाही. दोघांना मिळून एकच आकार, मग कितीही कागद वाया जावो.

संगणकाआधी, खिळे जुळवण्याच्या काळात, चित्राचा ब्लॉक चौकोनी असे, म्हणून त्याच्या बाजूच्या ओळी कमी मापाच्या स्टिकमध्ये जुळवत. गोलाई हवी तर प्रत्येक ओळीचे माप वेगळे, उरलेल्या जागेत क्वाड, म्हणजे कोरे खिळे, भरायचे. ते क्वचितच कोणी करी. पुढे ब्रोमाइडच्या पट्ट्या ब्लेडने कापून चिकटवण्याचे दिवस आले. ऑल्डस कंपनीचे पेजमेकर १९८५चे. मराठी फॉन्टांबरोबर ते आपल्याकडच्या दुकानांत रुळले आणि रॅपच्या ठिपक्यांच्या रेषेवर क्लिक करून नवा बिंदू काढण्याचे कौतुक बरीच वर्षे टिकले.

२०२३मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले तेव्हा पुस्तिकांच्या जुन्या फायलींची गंमत झाली. शोधा आणि बदला या आज्ञेने ‘उस्मानाबाद’च्या जागी ‘धाराशिव’ आले, पण नवे नाव आखूड. एका ठिकाणी एका अक्षराची जागा सुटली की पुढचे मॅटर वर सरकते आणि नीट बसवलेली ओळ पुन्हा देवीच्या कोपराशी येऊन मोडते. पाने परत पहिल्यापासून तपासावी लागली.

प्रूफ पास झाले की फाइलमधले सगळे मॅटर कर्व्ह करतात, म्हणजे अक्षरांची चित्रे होतात. मग फाइल छपाईला जाते त्या सोलापूरच्या प्रेसमध्ये श्रीलिपी असो वा नसो, अडत नाही आणि रॅपही जागचा हलत नाही. मात्र त्यानंतर एक काना बदलायचा झाला तरी तो चित्रासारखा खोडून काढावा लागतो. म्हणून कर्व्ह न केलेली दुसरी फाइल ऑपरेटर वेगळी ठेवतो. पुढच्या वर्षी तिथींसमोरच्या तारखा तीतच बदलायच्या असतात.