परत फिरणाऱ्यासाठीचा माणूस

बद्रीनाथच्या पुढे माणा आणि माणाच्या पुढे, अलकनंदेच्या काठाने वर गेलं की सतोपंथ ताल. साधारण 4,600 मीटर उंचीवरचं हे त्रिकोणी तळं. त्याच्या तीन कोनांवर ब्रह्मा, विष्णू आणि महेश एकादशीला स्नानाला येतात, अशी तिकडची श्रद्धा. पांडव याच वाटेने स्वर्गारोहणाला गेले, असंही माणाची माणसं सांगतात. कोकणातल्या आमच्या इन्सुली गावाहून तिथे जायचं तर खाऱ्या, दमट हवेत वाढलेलं शरीर अशा जागी न्यायचं असतं, जिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडाच जास्त उरतो. ट्रेकचं नियोजन म्हणजे मुख्यतः या फरकाचा हिशेब.

पहिला प्रश्न तारखेचा. सतोपंथला जाण्याचे हंगाम दोन: मे-जून, नाहीतर पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरची सुरुवात. आमच्याकडे मे महिना काजू-आंब्यात जातो आणि लगेच तरव्याच्या पेरणीची घाई सुरू होते. सप्टेंबरात गणपती. गणपती सोडून कोकणातला माणूस कुठे जात नाही. त्यानंतर म्हाळ म्हणजे पितृपक्ष, आणि ऑक्टोबरात भातकापणी तोंडावर. म्हणजे हातात उरते ती म्हाळ आणि कापणी यांच्यामधली फट. काहींना पितृपक्षातच निघायचं असतं, कारण बद्रीनाथला ब्रह्मकपालावर पिंडदान करता येतं. त्यांना मी आधीच सांगतो, की त्या दिवसांत तिथे गर्दी असते आणि पाऊसही पुरता गेलेला नसतो.

तारीख ठरली की मी एक कागद घेतो आणि त्यावर अंतरं न लिहिता फक्त रात्री लिहितो: कुठे झोपायचं आणि किती उंचीवर. जोशीमठ सुमारे 1,900 मीटर. बद्रीनाथ 3,100. लक्ष्मीवन 3,700च्या आसपास. चक्रतीर्थ 4,100च्या वर. 3,000 मीटरनंतर झोपण्याची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा दंडक आहे. बद्रीनाथ ते लक्ष्मीवन या टप्प्यात तो थोडा ओलांडला जातो. म्हणून बद्रीनाथला जास्तीची रात्र धरावीच लागते. त्या दिवशी चरणपादुकेपर्यंत चढायचं आणि झोपायला खाली यायचं. शिवाय एक दिवस रस्त्यासाठी राखून ठेवायचा, कारण सिरोबगड किंवा लांबगडला दरड कोसळली की हरिद्वार-बद्रीनाथ रस्ता तासन्‌तास बंद पडतो. रजेचा हिशेब घालणारी मंडळी नेमका हा राखीव दिवस कापायला सांगतात. मी तो कापत नाही.

सराव गावातच सुरू होतो. पहाटे पाठीवर पिशवी घेऊन इन्सुली घाट चढायचा, पुढे आंबोली, मग मनोहर-मनसंतोषगड. पाय तयार होतात, दम वाढतो. पण विरळ हवेपुढे या सरावाचा शब्द चालत नाही. घाट सर्वांत आधी चढणारा जवान पोरगाही 4,000 मीटरवर डोकं धरून बसू शकतो, आणि साठीच्या काकी शांतपणे चालत राहतात. म्हणून निघण्याआधी प्रत्येकाची डॉक्टरी तपासणी करायची आणि रक्तदाब, दमा, चालू गोळ्या हे सगळं लिहून घ्यायचं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही, हे डॉक्टरच ठरवतील. सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर ती शेजाऱ्याकडून मागून घेऊच नये.

सामानाची तपासणी खळ्यात होते. चटया अंथरायच्या आणि प्रत्येकाने आपली सॅक त्यावर रिकामी करायची. सुती बनियन बाजूला, लोकरीचे मोजे आत. नवे बूट दिसले की ते घालून रोज चालायला लावायचं. जेवणाच्या बाबतीत आमची माणसं हट्टी. कुणीतरी उकडे तांदूळ आणतंच. चक्रतीर्थाला पाणी साधारण 86 अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या टोपात तांदूळ कितीही रटरटला तरी कणी राहते. कुकर हवाच, आणि कुकर म्हणजे जादा रॉकेल. मग तडजोड ठरते: उकडे तांदूळ घरी, कुळथाची पिठी आणि आमसुलं सोबत. पिठी पटकन होते, गरम असते आणि भूक मेलेल्या माणसाच्याही घशाखाली उतरते.

यात्रेची नोंदणी, प्रशासनाची आणि वनखात्याची परवानगी ही कामं कागदाची. खरं महत्त्व वाटाड्या आणि पोर्टर यांना. माणापुढे नीट वाट अशी थोडाच वेळ असते. नंतर हिमनदीने आणून टाकलेले धोंडे आणि चिंचोळी धार. काल ज्यावर पाय ठेवला तो दगड आज हलतो. तिथे माणाच्या माणसाची नजर हवी. पोर्टरच्या पाठीवर किती किलो, त्याच्या पायात बूट आहेत का, त्याचा विमा कुणी काढला, तो रात्री कुठल्या तंबूत झोपणार, हे पैसे ठरवतानाच विचारतो. आपलं पुण्य त्याच्या पाठीवर लादून चालणार नाही.

आणि मग शेवटची बैठक. तिथे एकच विषय असतो, मागे फिरण्याचा. डोकेदुखीसोबत उलटी झाली तर त्याच जागी थांबायचं, वर जायचं नाही. सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालता येत नसेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर रात्र असली तरी खाली उतरवायचं. उतरणं हाच उपाय. निर्णय वाटाड्याचा आणि त्यावर मतदान नाही. हे ऐकून दरवेळी कुणीतरी विचारतंच, "इतक्या लांब जावन दर्शन घेतल्याशिवाय मागे फिराचा?" मी म्हणतो, "काकी, ता तळा खंय पळान जाता? परत जावया."

देवाचं तळं असल्यामुळेच हा नियम कडक ठेवावा लागतो. साध्या शिखरासाठी माणूस दुखणं सांगून मोकळा होतो. दर्शनासाठी मात्र लपवतो, कारण नेमकं आपणच मागे राहिलो तर आपल्यातच काही खोट होती, असं त्याला वाटतं. महाभारतातल्या त्या शेवटच्या चालीत द्रौपदी पडली, भाऊ एकेक करून पडले, आणि युधिष्ठिर मागे न पाहता चालत राहिला. प्रत्येकाच्या पडण्यामागे त्याने एकेक दोष सांगितला. ती मोक्षाची वाट होती. आमच्या वाटेवर कुणी बसलं तर तो दोष नसतो, ती उंची असते. म्हणून परत फिरणाऱ्यासोबत कोण उतरणार, त्याचं नाव इन्सुलीतच कागदावर लिहिलेलं असतं. तो तळं पाहणार नाही हे त्याने आधीच कबूल केलेलं असतं. माझ्या मते अख्ख्या ग्रुपमध्ये सर्वांत मोठी यात्रा त्याची.

तुम्ही कुणाबरोबरही, कुठल्याही हिमालयी तळ्याला निघालात तरी पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. प्रत्येक रात्रीची उंची किती? राखीव दिवस आहे का? पोर्टरचा विमा काढला आहे का? आणि मी आजारी पडलो तर माझ्याबरोबर खाली कोण येणार? चौथ्या प्रश्नाला नाव मिळालं नाही, तर त्या ट्रेकला जाऊ नका.