एफआयआर डिलीट होतो का?

मागच्या भागानंतर तुमच्याकडून जे मेसेज आले त्यातले निम्मे एकाच अर्थाचे होते: "दादा, केस संपली, पण रेकॉर्डवरून नाव कसं काढायचं?" आजचा भाग त्यावर. मी वकील नाही, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. म्हणजे तुमच्या केसचा सल्ला वकिलाकडूनच घ्यायचा, मी फक्त ही सिस्टिम कशी चालते ते सांगणार. बसमध्ये हेडफोन नसलेल्यांसाठी हे लिखित रूप, थोडं आवरून.

अमेरिकन सीरिज बघून आपल्याला वाटतं की अर्ज केला की कोर्ट जुनं रेकॉर्ड पुसून टाकतं, किंवा सील करतं. तिकडे बऱ्याच राज्यांत तसे कायदे आहेतही. आपल्याकडे १८ वर्षांवरच्या माणसासाठी असा सरसकट कायदा नाही. आपल्याकडे केसचा निकाल बदलतो, नोंद राहते. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर रो डिलीट होत नाही, स्टेटसचा कॉलम बदलतो.

आणि ती रो एकाच टेबलात असती तरी चाललं असतं! एक नोंद पोलिस ठाण्यात आणि पोलिसांच्या सीसीटीएनएस प्रणालीत. एक कोर्टाच्या ई-कोर्ट्सवर, जिथे कुणीही ॲप उघडून नावाने केस शोधू शकतो. संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाका, असं सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सांगितलंय, म्हणजे ती आणखी एक जागा. शिवाय बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करणाऱ्या खाजगी कंपन्या काय काय साठवून ठेवतात ते वेगळंच. एका जागी स्टेटस बदललं की बाकीकडे आपोआप बदलेल, हे गृहीत धरू नका.

आता स्टेटस बदलतं कसं? पोलिसांच्या तपासातच काही निघालं नाही तर ते कोर्टात समरी पाठवतात. आपल्याकडे 'ब समरी' म्हणजे तक्रारच खोटी, 'क समरी' म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची. 'अ समरी' झाली म्हणून पेढे वाटू नका. तिचा अर्थ गुन्हा खरा आहे, पण आरोपी किंवा पुरावा सापडत नाही. साधी मारहाण, शिवीगाळ असल्या गुन्ह्यांत फिर्यादीशी तडजोड करता येते, आणि कायद्याने तिचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच होतो. सरकारही केस मागे घेऊ शकतं, पण कोर्टाच्या परवानगीनेच. लॉकडाउनमधले कलम १८८ चे गुन्हे मागे घेण्याचा निर्णय महाराष्ट्रात २०२२ मध्ये झाला होता. तुमच्यापैकी कुणाचं नाव त्यात असेल तर ते प्रत्यक्ष कोर्टात निकाली निघालंय का, हे आजच ॲपवर बघा.

तडजोडीत न बसणारे गुन्हे असतील तर हायकोर्टात जाऊन एफआयआर रद्द करून घ्यावा लागतो, ज्याला सगळे 'क्वॅशिंग' म्हणतात. पूर्वी हे सीआरपीसीच्या कलम ४८२ खाली व्हायचं, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५२८. दोन्ही बाजूंचं मिटलं असेल तर हायकोर्ट हा अधिकार वापरू शकतं, हे सुप्रीम कोर्टाने २०१२ च्या ग्यान सिंग निकालात स्पष्ट केलं. खून, बलात्कार, दरोडा यांना ही सोय नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच बसतं, त्यामुळे सांगली-साताऱ्याकडच्या मंडळींची मुंबईची फेरी वाचली.

माझ्या हॉस्टेलच्या रूममेटचं उदाहरण देतो. मिरवणुकीत दोन ग्रुपची मारामारी झाली, आठ पोरांची नावं एफआयआरमध्ये आली. जमाव म्हणून दंगलीचं कलम १४७ लागलं. त्यात तडजोड नाही, म्हणून दोन्हीकडच्या घरच्यांनी मिटवूनही हायकोर्टच गाठावं लागलं. एफआयआर रद्द झाला, पोरं खूश. तीन वर्षांनी त्याला पुण्यात ऑफर आली आणि व्हेरिफिकेशनच्या रिपोर्टवर लाल शेरा: 'केस प्रलंबित'. झालं असं होतं की हायकोर्टाचा आदेश खालच्या कोर्टात कुणी दाखलच केला नव्हता. वकिलाला वाटलं पक्षकार करेल, पक्षकाराला वाटलं वकील. कंपनीने पंधरा दिवस दिले. प्रमाणित प्रत काढायलाच त्याहून जास्त दिवस गेले आणि ती जागा दुसऱ्याला मिळाली.

म्हणून निकाल लागला की त्याच आठवड्यात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा, आणि एक नको, चार-पाच प्रती काढा. एक खालच्या कोर्टात, एक पोलिस ठाण्यात, एक एसपी किंवा आयुक्त कार्यालयात. सोबत सीसीटीएनएसमधली नोंद अद्ययावत करण्याचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मग स्वतःच चारित्र्य पडताळणीसाठी ऑनलाइन अर्ज करून बघा काय येतंय ते. याला मी टेस्टिंग म्हणतो. प्रॉडक्शनवर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

नोकरीच्या फॉर्मवरचा प्रश्न शब्द न् शब्द वाचा. 'शिक्षा झाली आहे का', 'खटला प्रलंबित आहे का' आणि 'कधी अटक झाली होती का' हे तीन वेगळे प्रश्न आहेत. निर्दोष सुटलेल्या माणसाचं पहिल्या दोघांना 'नाही' हे खरं उत्तर आहे, तिसऱ्याला कदाचित नाही. सरकारी नोकरीत विचारलेली माहिती लपवली तर केसपेक्षा लपवणंच महागात पडू शकतं. २०१६ च्या अवतार सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की माहिती खरी असली पाहिजे, आणि मालकाने गुन्हा किती किरकोळ होता हेही बघावं. माझं मत विचाराल तर सांगून टाका आणि आदेशाची प्रत जोडा.

गुगलवरचं नाव? तिथे कायदा अजून डळमळीत आहे. दिल्ली हायकोर्टाने २०२१ मध्ये निर्दोष सुटलेल्या एकाचा निकाल सर्चमधून हटवायला सांगितलं. मद्रास हायकोर्टाने २०२४ मध्ये असाच आदेश दिला, त्याला सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी स्थगिती दिली.

खरंखुरं 'डिलीट' कायद्यात दोन ठिकाणी सापडतं. एक, २०२२ चा ओळख-पडताळणीचा कायदा: बोटांचे ठसे वगैरे ७५ वर्षं ठेवतात, पण आधी कधी शिक्षा झालेली नसेल आणि अपिलासकट सगळं संपून तुम्ही सुटला असाल, तर ते नष्ट करायचे, कोर्टाने कारण देऊन वेगळं सांगितलं नसेल तर.

दुसरं, बाल न्याय कायदा २०१५. लातूरहून एकीने विचारलंय की भाऊ १७ वर्षांचा असताना केस झाली होती, बाल न्याय मंडळात संपली, आता तो भरतीची तयारी करतोय, तर हे आडवं येईल का? ताई, कलम २४ प्रमाणे त्या केसमुळे कुठलीही अपात्रता येत नाही आणि अपिलाची मुदत वगैरे संपल्यावर रेकॉर्ड नष्ट करायचं असतं. अपवाद १६ वर्षांवरच्या मुलाने केलेल्या अतिगंभीर गुन्ह्याचा, ज्यात बाल न्यायालयाने त्याला दोषी ठरवलंय. आणि कलम ७४ पोलिसांना सांगतं की संपलेल्या केसची माहिती चारित्र्य प्रमाणपत्रासाठी उघड करायची नाही. पडताळणीत तरीही शेरा आला, तर या दोन कलमांचा उल्लेख करून मंडळाच्या आदेशाची प्रत जोडा आणि एसपी कार्यालयात लेखी अर्ज द्या. भरतीची जाहिरात निघायची वाट बघू नका.